तोलारबाबांनी मांडलेला हंडा

एकदा एक बातमी पिठाच्या गिरणीवर अर्धीच ऐकू आली, आणि त्या अर्ध्या बातमीने एका बाजारगावाची अख्खी सकाळ नासवली.

झालं असं. शुक्रवारचा दिवस, आदल्या दिवशीचा आठवडे बाजार नुकताच उठून गेलेला. गिरणीवर बायका दळणाचे डबे रांगेत लावून उभ्या होत्या. चंपूताई नेहमीप्रमाणे सगळ्यांत पुढे. गावातली कुठलीही गोष्ट आधी चंपूताईला कळायची आणि मग गावाला. तिने पदर तोंडाशी नेला आणि म्हणाली, "ऐकलंत का? आपले तोलारबाबा हो! कालचे सगळ्या बाजाराचे पैसे पिशवीत भरले आणि आज सकाळी पहिल्या गाडीने..."

तेवढ्यात गिरणीवाल्याने पट्टा चढवला. धडधड सुरू झाली. चंपूताईचे ओठ हलत राहिले, डोळे मोठे झाले, मनगट धरल्यासारखी काहीतरी खूण तिने केली, आणि पुढच्या चारपाच जणींनी कपाळाला हात लावला. पण रांगेत सगळ्यांत शेवटी उभ्या असलेल्या शेवंताच्या कानी पुढचं एक अक्षर पडलं नाही.

तिने बाजरीचा डबा होता तिथेच टेकवला आणि चपला फटफटवत बाहेर पडली.

शेवंता म्हणजे तोलारबाबांची शिष्या. बाबा सत्तरी ओलांडलेले, काटे-तराजू दुरुस्त करणारे. पूर्वी धान्याच्या बाजारात ते तोलार होते, म्हणजे पोत्यांचं वजन करून आकडा पुकारायचं काम. तेच नाव पुढे त्यांना चिकटलं. खरं नाव विचारलंत तर त्यांच्या शेजाऱ्यालाही आठवायचं नाही. शेवंताचा नवरा ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. घरात बसून करायचं काय, म्हणून ती सहा वर्षांपूर्वी बाबांच्या दुकानात झाडलोट करायला लागली, आणि बघता बघता काट्याची सुरी, म्हणजे दांडी जिच्यावर डुलते ती धार, घासण्यापासून वजनातलं शिसं भरण्यापर्यंत सगळं शिकली. हे शिसं काय असतं ते सांगायला हवं. लोखंडी वजन उलटं केलं की त्याच्या पोटात एक भोक दिसतं, त्यात शिसं भरलेलं असतं आणि त्या शिशावर सरकारी ठसा असतो. वर्षातून एकदा मापाचे साहेब बाबांच्या दुकानात येऊन बसत, गावातले सगळे काटे आणि वजनं तपासत, ठसे मारत, आणि प्रत्येक दुकानदाराच्या नावे एक दाखला देत. ते दाखले दुकानोदुकानी पोचवायचं काम शेवंताचं. तिला त्याचा भारी अभिमान होता.

आणि त्या अभिमानानेच तिच्याकडून एक चूक झाली होती, जी तिला त्या दिवसापर्यंत चूक वाटलीच नव्हती.

गावात नरहरशेठ यांचं तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान. माणूस गोडबोल्या, गिऱ्हाइकाला चहा पाजल्याशिवाय सोडायचा नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांनी भांड्यांबरोबर एक योजनाही सुरू केली. नाव 'भरला हंडा'. दर गुरुवारी बाजाराला याल तेव्हा जमतील तेवढे पैसे टाका, अठरा महिन्यांनी दीडपट घेऊन जा. पहिल्या काही जणांना दीडपट मिळालेही. मग काय विचारता, गुरुवारी भाजी घेण्याआधी बायका हंड्यात पैसे टाकायला लागल्या.

तर त्या वर्षी शेवंता काट्याचा दाखला घेऊन गेली तेव्हा शेठनी चहा मागवला आणि म्हणाले, "शेवंताबाई, काट्याजवळ काळोख आहे हो. इथे या टेबलावर लावता का? चौकट मी करून ठेवलीय." पितळी चौकट. चकचकीत. शेवंताने स्वतः खिळा ठोकला, दाखला सरळ बसला का ते दोन पावलं मागे जाऊन पाहिलं, आणि चहा पिऊन घरी आली. टेबल होतं भरल्या हंड्याचं.

वर तीन सिंहांचं चित्र, खाली साहेबाची सही. दाखल्यावर काय लिहिलंय ते वाचतंय कोण? योजना सरकारमान्य आहे, हे गावाने सिंहांकडे बघून ठरवून टाकलं.

शेवंताची नणंद अनुसया गावच्या शाळेत मुलांची खिचडी शिजवायची. अकरा वर्षं धुरात डोळे लाल करून तिने चाळीस हजार रुपये साठवले होते. ते कशासाठी, हे साऱ्या आळीला पाठ होतं: तिची लेक यंदा बारावी झाली होती, तिला नर्सिंगला घालायचं होतं. पहिल्या वर्षाची फी जूनमध्ये भरायची. पुढच्या वर्षांचं कसं, या काळजीने अनुसयाला जेवण जात नव्हतं. तेवढ्यात नरहरशेठनी जाहीर केलं की या गुरुवारी एकरकमी भरतील त्यांना दीडपट नाही, पावणेदोनपट. मुदत तीच, पण फीपुरते पैसे मध्येच लागले तर जूनमध्ये काढून देऊ. तोंडी.

"भरू का गं वैनी?" अनुसयाने विचारलं होतं.

"भर की. दाखला मीच तर नेऊन दिलाय," शेवंता म्हणाली होती.

हे बोलणं बाबांच्या दुकानातच झालं. बाबा कोपऱ्यात एका तराजूची साखळी सांधत होते. त्यांनी मान वर केली. "कसला दाखला, शेवंते?"

"शेठच्या दुकानातला. टेबलावर लावलाय तो."

"त्यावर काय लिहिलंय?"

"ते... सिंह आहेत ना त्यावर."

"सिंहांच्या खाली काय लिहिलंय?"

अनुसया शेवंताकडे बघायला लागली. बाबांनी साखळी खाली ठेवली, चष्मा पुसला, आणि पुढे काहीच बोलले नाहीत. त्यांची ही सवय शेवंताला अगदी नकोशी वाटायची. माणसाने चुकलं तर चुकलं म्हणावं, दोन शिव्या द्याव्यात. हे असं चष्मा पुसत बसणं म्हणजे काय?

गुरुवार उजाडला तेव्हा दुकान बंद. बाबा भर बाजारात, नरहरशेठच्या दुकानासमोर, चिंचेखाली गोणपाट टाकून बसलेले. पुढ्यात एक तांब्याचा हंडा. मागे झाडाला त्यांच्याच जुन्या काट्याचा दाखला टांगलेला, सिंहांसकट. आणि खडूने लिहिलेली पाटी: 'म्हाताऱ्याचा हंडा. वर्षाने दुप्पट.'

शेवंताला वाटलं, बाबांना ऊन लागलं.

"बाबा, हे काय मांडलंय?"

"योजना."

"कसली योजना? दुप्पट कुठून देणार तुम्ही? दोन खोल्यांचं घर तुमचं, त्यातल्या एकीत काटे!"

"असं विचारणारी तू आज पहिलीच," बाबा म्हणाले. "बघू, आणखी कोण विचारतं ते. तू बस. कागद घडी करून दे."

ती बसली. आणि तिने जे पाहिलं, त्याने तिचं डोकं भणभणलं. लोक येत होते. कासार आले, शिंपी आले, भाजीवाल्या आल्या. "बाबा, तुम्हीपण? बरं झालं. तुमच्यावर डोळे मिटून विश्वास," असं म्हणत नोटा काढत होते. बाबा प्रत्येकाचे पैसे एका कागदात बांधत, पुडीवर पेन्सिलीने काहीतरी खरडत आणि पुडी हंड्यात टाकत. पावती नाही, सही नाही, काही नाही. एका माणसाने म्हणून विचारलं नाही की बाबा, दुप्पट कसे करणार. एकाने विचारलं, पण ते भलतंच: "तिप्पट नाही होणार का?"

दुपारी अनुसया आली. पदराखालून तिने रुमालाची गाठ काढली.

शेवंताने तिचा हात धरला. "वन्सं, अजिबात नाही."

"का? शेठपेक्षा आपले बाबा काय वाईट? तू त्यांच्याच हाताखाली शिकलीस ना?"

"शिकले म्हणून तर सांगतेय! बाबा, तुम्ही सांगा ना तिला!"

बाबांनी हात पुढे केला. "दे पोरी."

चाळीस हजार रुपयांची पुडी हंड्यात पडली. शेवंता उठली, गोणपाटावरची धूळ मुद्दाम बाबांच्या अंगावर उडेल अशी झटकली, आणि घरी निघून गेली. त्या संध्याकाळी ती कोणाशी धड बोलली नाही. भाकऱ्या करपल्या, त्या तशाच वाढल्या.

आणि आता ही गिरणीवरची अर्धी बातमी.

बाबांच्या दुकानाला कुलूप होतं. घराला कुलूप. शेजारच्या म्हातारीने सांगितलं, "सहाच्या गाडीने गेले. हातात मोठी पिशवी होती. मी विचारलं कुठे, तर म्हणाले, बघतो कोण धरतंय का." मागून अनुसया धावत येत होती, पायात एकच चप्पल, हाताला खिचडीची डाळ लागलेली. ती रडत नव्हती, ओरडतही नव्हती. ते शेवंताला जास्त लागलं.

"वैनी," ती एवढंच म्हणाली, "फी जूनमध्ये आहे."

शेवंता नऊच्या गाडीत चढली. तालुक्यापर्यंतचा दीड तास ती मनातल्या मनात बाबांना इतकं बोलली, की उतरेपर्यंत तिचं तिलाच दमायला झालं.

शोधायला फार लागलं नाही. कचेऱ्यांच्या आवारात, पैशांच्या संस्थांची देखरेख करणारं एक खातं होतं, त्याच्या खिडकीपुढे बाबा उभे होते. काखेत पिशवी. पुढचा कारकून चष्मा कपाळावर ढकलून बोलत होता, आणि त्याचा आवाज असा चढला होता की बाहेर चहावाल्यालाही सगळं ऐकू जात होतं.

"आजोबा, तिसऱ्यांदा सांगतोय. तुमची संस्था नोंदलेली आहे का?"

"नाही."

"मग ती आमच्याकडे येत नाही. आम्ही नोंदलेल्यांवर लक्ष ठेवतो."

"आणि न नोंदलेल्यांवर?"

"ते नोंदलेलेच नाहीत, तर आम्हाला कसे दिसणार?"

"मी दिसतोय ना तुम्हाला. मी हा उभा आहे," बाबा अगदी नम्रपणे म्हणाले. "त्रेसष्ट माणसांचे पैसे काल घेतले. दुप्पट देईन म्हणून सांगितलं. माझ्याकडे देण्यासारखं काही नाही. हे पैसे या पिशवीत आहेत. मला थांबवा."

"कोणाची तक्रार आहे का तुमच्याविरुद्ध?"

"माझीच आहे."

"तसं चालत नाही, आजोबा!"

शेवंता पुढे झाली. बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि जणू ती येणारच होती अशा थाटात पिशवी तिच्या हातात दिली. "आलीस? धर. खांदा दुखतोय. आधी मापांच्या कचेरीत गेलो होतो. ते म्हणाले, काटा असेल तर आणा, पैशाचं आमच्याकडे नाही. आता चौकीवर जाऊ."

"बाबा, घरी चला. लोक तुम्हाला चोर म्हणताहेत!"

"म्हणताहेत ना? मग तेच तर चौकीवर सांगायचंय."

चौकीवरचे हवालदार स्वभावाने बरे होते. त्यांनी बाबांना खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं, आणि मग विचारलं, "कोणाचे पैसे बुडाले?"

"अजून कोणाचेच नाहीत."

"मग?"

"बुडण्याआधी काही करता येतं का, ते विचारायला आलोय."

हवालदारांनी शेवंताकडे बघून डोक्याला बोट लावलं, म्हणजे यांचं ठीक आहे ना, असं. "आजोबा, गुन्हा घडल्याशिवाय मी काय लिहून घेऊ? बुडाल्यावर या. बुडाल्यावर लगेच घेतो मी फिर्याद."

"बुडाल्यावर मी इथे सापडेन का?"

हवालदार हसले. मग त्यांचं हसू जरासं ओशाळलं. "ते तेव्हा बघू," ते म्हणाले.

बाहेर आल्यावर शेवंताचा बांध फुटला. चौकीच्या पायरीवर बसून ती ओरडलीच. "झालं समाधान? त्रेसष्ट माणसांना घोर लावलात. अनुसया एका चपलेवर गावभर धावतेय. तिच्या पोरीची फी आहे यात! आणि तुम्ही खिडक्या मोजत फिरताय. काय सिद्ध केलंत तुम्ही? लोक मूर्ख आहेत, हेच ना?"

बाबा तिच्याशेजारी बसले. या वेळी त्यांनी चष्मा पुसला नाही.

"लोक मूर्ख नाहीत, शेवंते. तोच गैरसमज काढायला आलो होतो. मी चाळीस वर्षं काटे तपासले. त्या चाळीस वर्षांत एकदाही दुकानदाराचं तोंड बघून शिसं भरलं नाही. सज्जनाचाही काटा तपासला, लबाडाचाही. सज्जनाला त्यात अपमान वाटला नाही. का? कारण तपासणी सगळ्यांचीच होती. आता बघ, अनुसया किलोभर वांगी घ्यायला जाते. ती घरून वजन नेते का? दुकानातलं वजन उलटं करून शिसं बघते का? नाही बघत. ती मूर्ख म्हणून नाही. तिच्या वतीने कोणीतरी आधी बघून ठेवलंय, याची तिला सवय झालीय. त्या सवयीवरच बाजार चालतो. ती निश्चिंती म्हणजे फार मोठी व्यवस्था आहे, आणि ती अनेकांच्या कष्टांनी उभी राहिली आहे. त्याच सवयीने ती भरल्या हंड्याच्या टेबलापाशी गेली. सिंह पाहिले, तिला वाटलं, इथेही कोणीतरी बघितलंच असेल. तिचं काय चुकलं? तिच्या किलोभर वांग्यांवर सरकारचा ठसा आहे, आणि तिच्या अकरा वर्षांवर कोणाचाच नाही. वर आपण तिलाच सांगतो, बाई, तू शहाणी हो. शाळेत शंभर पोरांची खिचडी ढवळून, घरी येऊन भाकऱ्या थापून, तिने व्याजाची गणितं कधी मांडावीत? तिच्या वतीने मांडणारा कोणी नको?"

मग ते म्हणाले, "मला वाटलं होतं, एखादी खिडकी तरी मला धरेल."

शेवंताच्या डोळ्यांपुढे तो खिळा आला, आणि दोन पावलं मागे जाऊन पाहिलेली ती सरळ चौकट.

"नरहरशेठ लबाड आहेत का, बाबा?" तिने हळू विचारलं.

"मला माहीत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे मला माहीत नाही. तुला नाही, अनुसयाला नाही, त्या तीन खिडक्यांनाही नाही. कदाचित माणूस प्रामाणिक असेल, कदाचित सुरुवातीच्या लोकांना नंतरच्यांचे पैसे देत असेल. कोणालाच माहीत नाही, यातच सगळं आलं."

शेवंता उठली. तिने डोळे पुसले, नाकही पुसलं, आणि पिशवी खांद्याला लावून पुन्हा त्या कारकुनाच्या खिडकीशी गेली. बाबांना म्हणाली, "अर्ज लिहा. तुमच्याविरुद्ध नको. नियम हवा म्हणून. लोकांचे पैसे घेण्याआधी तपासणी हवी, आणि कुठला दाखला कशाचा, ते मोठ्या अक्षरात लिहिलेलं हवं. आणि हो, बुडण्याआधी तक्रार घेणारी एक तरी खिडकी हवी."

कारकुनाने अर्ज वाचला, आणि त्याचा चष्मा पुन्हा कपाळावर गेला. "असे अर्ज वर पाठवून काही होत नाही, बाई."

"न पाठवून काय होतं?"

"तुमचं गाव कुठलं म्हणालात?"

शेवंताने सांगितलं.

"तिथली ती भरला हंडा योजना..." कारकुनाचा आवाज खाली आला. "ती नोंदलेली असेलच ना?"

"तुम्ही सांगा. रजिस्टर तुमच्याकडे आहे."

कारकुनाने रजिस्टर उघडलं. पान उलटलं, परत उलटलं. मग मागच्या वर्षाचं काढलं. त्याच्या कपाळावर घाम दिसायला लागला. "आमच्या मंडळींनी दोन हप्ते भरलेत तिथे," तो जवळजवळ स्वतःशीच म्हणाला. "माहेर ना तिचं. सरकारी दाखला आहे म्हणाली."

"वर सिंह आहेत," शेवंता म्हणाली.

कारकुनाने अर्ज घेतला, त्यावर शिक्का मारला, आवक क्रमांक घातला, आणि स्वतःहून बाहेर येऊन तो साहेबांच्या दारातून आत घेऊन गेला. इतकी लगबग त्या कचेरीत कोणी बऱ्याच दिवसांत पाहिली नसेल.

चारच्या गाडीने दोघं परतले तेव्हा स्टँडवर निम्मं गाव उभं होतं. सगळ्यांच्या नजरा पिशवीवर. बाबा पारावर बसले आणि एकेक पुडी काढून नाव पुकारायला लागले, अगदी धान्याच्या बाजारात पुकारायचे तसंच. पुड्यांवर पेन्सिलीने जे खरडलं होतं, ते प्रत्येकाचं नाव होतं. ज्याची त्याला पुडी मिळाली. अनुसयाने आपली पुडी घेतली, छातीशी धरली आणि मग बाबांवर अशी काही उखडली की बघणाऱ्यांना वाटलं, आता ही म्हाताऱ्याला मारते. बाबांनी ते सगळं मान खाली घालून ऐकून घेतलं. ती बोलणी त्यांना मिळायलाच हवी होती.

एक कासार मात्र पुडी घेईना. "असू दे की बाबा तुमच्याकडेच. वर्षाने दुप्पट म्हणालात ना?"

"अरे, मी खोटं बोलत होतो."

"ते बरोबर, पण त्यातून काही होणार असेल तर..."

बाबांनी कपाळाला हात लावला. शेवंताने ती पुडी कासाराच्या सदऱ्याच्या खिशात कोंबली आणि वरून खिसा दाबला.

मग ती दोघं नरहरशेठच्या दुकानात गेली. लोक मागे मागे. शेठचा चेहरा पडला होता. "बाबा, तुम्ही मला भर गावात चोर ठरवलंत."

"नाही, शेठ. दर वर्षी तुमचा काटा तपासतो, तेव्हा तुम्ही चोर ठरता का?"

"काटा सगळ्यांचाच तपासता तुम्ही."

"मीही तेवढंच मागतोय. सगळ्यांचंच."

शेवंता स्टुलावर चढली, टेबलावरचा दाखला काढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला. "काटा. प्रकार, टांगता. क्षमता, पन्नास किलो." पुढे तिने कागद उलटून पाहिला, मागे काही नव्हतं. "एवढंच आहे यावर. ही माझी चूक. इथे मीच लावला होता." ती दुकानाच्या आतल्या काळोख्या बाजूला गेली आणि काट्याशेजारी, जिथे दाखला असायला हवा तिथे, तिने तो टांगला.

गर्दीतून एक बाई पुढे आली. "शेठ, माझे हप्ते परत द्या. पाच महिने भरलेत."

"अठरा महिन्यांआधी मिळत नाहीत. नियम आहे."

"कोणाचा नियम?"

शेठनी आजूबाजूला पाहिलं. बाबांकडे पाहिलं, रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं. "माझाच," ते म्हणाले. आणि स्वतःचेच शब्द पहिल्यांदा ऐकल्यासारखे गप्प झाले. त्या गप्प बसण्यात लबाडी होती की लाज, ते कोणालाच नीट कळलं नाही. कळायला तिथे काही साधनच नव्हतं.

"आता मी हे ठेवू कुठे?" घरी जाताना अनुसयाने बाबांना विचारलं.

"जिथे बुडण्याआधी तक्रार घेतात, तिथे. बँकेत जा, पोस्टात जा. व्याज कमी मिळेल. पण कोणाचा नियम म्हणून विचारलंस, तर पुस्तक काढून दाखवतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी शेवंता गिरणीवर गेली. तिचा डबा होता तिथेच होता, फक्त पुढचे डबे उठल्याने शेवटचा तो आता पहिला झाला होता. चंपूताई दळण घेऊन निघालीच होती. शेवंताला बघून थांबली.

"चंपूताई, कालचं तुमचं वाक्य अर्धंच राहिलं माझं ऐकायचं. बाबा पैसे घेऊन पहिल्या गाडीने, पुढे काय?"

चंपूताई जरा चाचरली. "पुढे काय... पळाले आणि तालुक्याला धरले गेले, असं म्हणत होते मी. आता मला काय माहीत? कंडक्टरने फोनवर सांगितलं होतं. पण पैसे घेऊन गेले, हे तर खरं होतं ना?"

"ते खरं होतं."

"बघ! सगळंच काही खोटं नव्हतं."

"धरले जावेत म्हणूनच गेले होते, चंपूताई," शेवंता म्हणाली. "तीन ठिकाणी फिरले. धरायला कोणी नव्हतं."

चंपूताईच्या चेहऱ्यावर बातमी मिळाल्याची नेहमीची खुशी दिसेना. तिचेही वर्षभराचे हप्ते भरल्या हंड्यात होते, आणि हे गावात कोणालाच ठाऊक नव्हतं. "म्हणजे उद्या खरोखरच कोणी घेऊन गेला तर..." तिने विचारलं.

गिरणीवाल्याने पट्टा हातात घेतला होता. शेवंताने त्याला हाताने थांबवलं. हे वाक्य अर्धं राहू द्यायचं नव्हतं.

"म्हणून तो अर्ज दिलाय," ती म्हणाली. "त्याच्याखाली आणखी सह्या लागतील. तुमची पहिली घेऊ?"

चंपूताईने डबा खाली ठेवला. सही करायच्या आधी तिने गिरणीच्या काट्यावरचं पाच किलोचं वजन उचललं, आयुष्यात पहिल्यांदाच उलटं केलं, आणि त्याच्या पोटातल्या शिशावर उमटलेल्या ठशावरून सावकाश बोट फिरवलं.